पार्कात न्यायच्या आधी सात शेंगा मोजा

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातलं कुटुंब. फेब्रुवारीत दोन रात्री, तीन दिवस खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जायचंय, स्वतःच्या गाडीने. मुलगा नऊ वर्षांचा, तिथल्या नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरवर बसणारच म्हणून हटून बसलाय. मुलगी चारची, तिचा पाचवा वाढदिवस नेमका सहलीतच येतोय. सोबत सासूबाई. त्यांनी पंचवीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काढली आणि आता म्हणतायत, "मी तिकडं येऊन काय करू?" मुलांची आई विचारते: तिकिटं झाली, हॉटेल झालं, पण मुलांच्या लक्षात राहील असं जादा काय करू? नावाचे टी-शर्ट छापू? पार्कवाल्यांना वाढदिवसाचं सांगून ठेवू? रोज एक सरप्राइज देऊ?

ताई, अठरा वर्षं मी सोलापुरातून कुटुंबांच्या आणि शाळांच्या सहली काढते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी माझी एक फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात एका ग्रुपसाठी मी नऊ "खास गोष्टी" आखल्या होत्या. छापील टी-शर्ट, टोप्या, प्रश्नमंजूषा, खजिना शोध, फोटोची स्पर्धा, आणखी काय काय. दुपारी अडीच वाजता सात-आठ वर्षांचा एक मुलगा माझा ओढणीचा पदर ओढून म्हणाला, "काकू, आता नुस्तं बसू की ओ?" तेव्हापासून माझा हिशोब बदलला. दिवसाला जादा गोष्ट एक, फार तर दोन. आणि ती अशा ठिकाणी ठेवायची जिथे दिवस ढेपाळतो: रांगेत, जेवणानंतर, परतीच्या गाडीत. राईडच्या वेळी कुणाला काही जादा लागत नाही, तिथे पार्क आपलं काम करतंच. आणखी एक. ती गोष्ट मुलाने स्वतः करायची असावी. आपण विकत आणून हातात ठेवलेली वस्तू गाडीच्या सीटखाली सापडते, दोन महिन्यांनी.

म्हणून टी-शर्टचं आधी सांगून टाकते. छापायचेच असतील तर एकाच भडक रंगाचे घ्या, नाव नको. अनोळखी माणसाने पोराला नावाने हाक मारली की पोर त्याच्या मागे चालू लागतं. नावाऐवजी दोघांच्या खिशात तुमचे दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि सकाळी हॉटेलातून निघताना दोघांचा डोक्यापासून बुटापर्यंत एक फोटो काढा. मूल हरवलं तर "कपडे कोणते होते" या प्रश्नाला आईबापाला उत्तर सुचत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फोटो दाखवला की काम भागतं.

आता मुलाच्या नायट्रोचं. आजच, हे वाचून झालं की, त्याला दाराच्या चौकटीला टेकवून उभा करा. टाचा चौकटीला, नजर समोर, डोक्यावर आडवी वही, पेन्सिलीने रेघ, मग शिलाईचा टेप. मोठ्या राईडना बऱ्याच ठिकाणी 140 सेंटीमीटरच्या आसपास उंची लागते, म्हणजे साधारण चार फूट सात इंच. नऊ वर्षांची बहुतेक पोरं तिथवर पोचलेली नसतात. पार्कच्या वेबसाइटवर राईडनुसार आकडा दिलेला असतो, तो त्यालाच वाचू द्या. आपल्याकडे होतं काय, की आईबाप "बघू तिकडे गेल्यावर" म्हणतात. तिकडे गेल्यावर चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून पोर मापाच्या पट्टीखाली येतं, गेटवरचा मुलगा मान हलवतो, आणि सगळ्यांसमोर पोराचा चेहरा उतरतो. त्या दिवसाचं मग काही खरं नाही. रडायचं ते घरी रडू द्या, महिनाभर आधी. आणि "थोडं सोडा की साहेब, दोन बोटांनी कमी आहे" असली गळ घालू नका. खांद्यावरून येणारा तो बार ठरावीक मापाच्या अंगासाठी केलेला असतो, लहान अंग त्यातून निसटू शकतं. बूट जाड सोलचे घालून फसवणाऱ्यांनाही मी ओळखते, त्यातले एक माझे भाऊजी.

चौकटीवर त्याची रेघ ओढली की वर 140 ची दुसरी रेघ ओढा आणि तिथे "नायट्रो" असं त्याच्याच अक्षरात लिहायला लावा. दर वाढदिवसाला मोजायचं. आमच्याकडच्या एका मुलीने सहावीत ती रेघ ओलांडली, त्या दिवशी तिच्या वडिलांचा मला फोन आला होता, पुन्हा कधी नेताय म्हणून.

यावेळी नायट्रो नाही म्हणजे नायट्रो अजिबात नाही असं नाही. त्याला बातमीदार करा. नायट्रोवर बसायचं त्याच्या बाबांनी. हा खाली कठड्याशी उभा राहून घड्याळ लावणार, किती सेकंद लागले ते लिहिणार, आणि बाबा लटपटत बाहेर आले की मुलाखत घेणार. प्रश्न घरूनच लिहून न्यायचे. मुलांना बापाची फजिती फार आवडते, आणि इथे ती फुकट मिळते. ही राईड बॉलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीने बनवलेली आहे आणि हिच्यात पायाखाली फळीच नसते, पाय हवेत लोंबतात. हे त्याला आधी सांगा म्हणजे खालून बघताना बाबांच्या चपला... बूट, बूटच घालायला लावा त्यांना.

इथेच तुमच्या सासूबाई कामाला येतात. कोस्टरचे डबे पहिल्या चढावर साखळीने ओढले जातात आणि अशा चढावर टक् टक् टक् असा आवाज येतो. डबे मागे घसरू नयेत म्हणून खाली एक अडकण असते, ती दातांवरून सरकत जाते आणि दर दाताला आवाज करते. ज्या बाईने पंचवीस वर्षं मागाजवळ काढली तिला हे समजवावं लागणार नाही. मागावर कापड गुंडाळताना दातेरी चाक असंच पुढे सरकतं, उलटं फिरू नये म्हणून त्यालाही अडकण असते. युक्ती तीच. नातवाला घेऊन आजींना त्या चढाजवळ उभं करा आणि आवाज ऐकवा. बाकीचं त्या बोलतील. माथ्यावर पोचलं की इंजिन वगैरे काही नाही, पुढचा सगळा प्रवास उंचीवरून पडण्याच्या जोरावर, आणि घर्षण थोडा थोडा जोर खात जातं म्हणून पुढचा कुठलाही चढ पहिल्याइतका उंच नसतो. हे पोराने बोटाने हवेत रेघ काढून तपासून बघायचं. साखळीऐवजी चुंबकाने ढकलणारे कोस्टरही असतात, त्यांना हा आवाज नाही. इमॅजिकातला अंधारातला डीप स्पेस तसा. दोन्ही आवाजांतला फरक शोधायला सांगा, रांगेतला अर्धा तास गेला समजा.

आजींसाठी आणखी एक काम काढा. मी याला "आजीचं ऑफिस" म्हणते. पार्कात शिरल्यावर सावलीतला एक बाक ठरवायचा, शक्यतो लहान मुलांच्या राईडजवळचा. तो आपला मुक्काम. हरवलं तर तिथे यायचं, पाणी तिथे, ओले कपडे तिथे. आजींच्या हातात एक चाळीस पानी वही. प्रत्येक राईडनंतर पोरांनी तिथे येऊन दहापैकी गुण द्यायचे आणि कारण सांगायचं, आजींनी तस्संच लिहायचं, शुद्धलेखनासकट. लिहिता येत नसेल किंवा चष्म्याची पंचाईत असेल तर ज्वारीचे दाणे ठेवायचे, एका राईडला जितके गुण तितके दाणे एका पुडीत. एका आजींनी असं केलं होतं आणि घरी येऊन पुड्या उघडून मोजल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाला नुसतं सामान सांभाळायला बसवलं की ते चार वाजता "चला आता" सुरू करतं. काम दिलं की संध्याकाळच्या परेडसाठी जागा धरून ठेवणारे तेच असतात. राईडमध्ये बसायची त्यांची तयारी असेल तर आय फॉर इंडियात बसवून बघा: आसनावर बसल्या जागी भल्या मोठ्या पडद्यावर देश वरून दिसतो. पाठीचा, मानेचा, हृदयाचा त्रास असेल तर आधी दारावरचा फलक वाचा.

धाकटीचं वेगळं. चार-पाच वर्षांच्या पोरांना सरप्राइज आवडतं हा मोठ्यांचा गैरसमज आहे. त्यांना पुढे काय होणार ते माहीत असलेलं आवडतं. पण महिनाभर आधी सांगितलं तर रोज सकाळी "आज जायचं?" हा जाच. मी आमच्या पालकांना सात शेंगांचा उपाय सांगते. निघायच्या सात दिवस आधी वाटीत सात शेंगा. रोज रात्री झोपताना एक फोडायची, दाणे खायचे, आणि फक्त एकच गोष्ट सांगायची: आज गाडी कशी जाणार, उद्या हॉटेलात कोण कुठे झोपणार, परवा उडणारे हत्ती. टबी नावाच्या हत्तीची तिथे लहानांसाठी राईड आहे, हत्ती गोल फिरत वर-खाली होतात. वाटी रिकामी झाली की निघायचं. तिला दिवस मोजता येत नाहीत, शेंगा मोजता येतात. आणि शेवटच्या रात्री झोप लागत नाही ती मोठ्याला, धाकटीला नाही, हेही बघालच.

तुमचं नशीब चांगलं, मध्ये गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा येतेय. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर पाळणे लागतील तेव्हा दोघांना घेऊन एक संध्याकाळ जा आणि ती रंगीत तालीम समजा. धाकटीला मोठ्या आवाजाची भीती वाटते का? ब्रेक डान्समध्ये मोठ्याला मळमळतं का? आकाशपाळण्यात वर गेल्यावर तो हात घट्ट धरतो की हात सोडतो? खोपोलीला हजारो रुपये भरून जे कळणार ते इथे शे-दोनशेत कळतं. मी तर ग्रुपमधल्या आईबापांना सांगते, गड्ड्यात जो पोरगा रडला त्याला इमॅजिकातल्या सलीमगडच्या भुताटकीत नेऊ नका, "सवय होईल" म्हणून तर मुळीच नको. अंधाराची सवय अशी होत नसते.

वाढदिवस. बुकिंगच्या वेळी सांगा, पण त्याच्यावर विसंबू नका. एका पार्कात (नाव घेत नाही) मी एका मुलीच्या वाढदिवसासाठी आधी पैसे भरून केक आणि बाहुल्याच्या वेशातला माणूस ठरवला होता. केक आला नाही. माणूस आला, तोही मुलगी तोंडात घास घालत असताना मागून, सात फुटी डोकं घेऊन. तिने जो हंबरडा फोडला तो अजून ऐकू येतो. त्यातून दोन गोष्टी शिकले. एक, ज्या सरप्राइजची दोरी दुसऱ्याच्या हातात ते सरप्राइज नव्हे. दोन, अशा वेशातल्या माणसाकडे मुलाला ढकलायचं नाही. दहा पावलांवर थांबायचं, आपण स्वतः खाली बसून तिच्या उंचीला यायचं आणि फक्त म्हणायचं, "टाटा करूया का?" तिने हात हलवला आणि त्याने हलवला, झालं. पुढे जायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. निम्म्या वेळा पाच मिनिटांनी तीच हात ओढत नेते. निम्म्या वेळा नेत नाही, तर नेत नाही. फोटो लांबून येतो.

तिच्या वाढदिवशी तिला एकच मान द्या: आज टबीत कितीही वेळा बसायचं. मोजून सांगते, सात वेळा बसेल. तुम्हाला वाटेल पैसे भरून एवढं पार्क, आणि ही एकाच हत्तीवर. पण त्या वयाचं सुख पुन्हा-पुन्हात असतं. दर वेळी वरून आजींना टाटा करायचा, आजींनी बाकावरून करायचा. ओवाळायचं असेल तर रात्री हॉटेलात करा. घरून कुंकू-अक्षता, छोटी निरांजनं न्या, पण पेटवायच्या आधी हॉटेलवाल्यांना विचारा, खोलीत धुराची घंटा असते. एकदा आमची वाजलीय.

खाण्याचं पटकन. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, लहान बाळाचं खाणं आणि औषधं सोडून. त्यामुळे शेंगापोळी, कडक भाकरी आणि चटणीचा डबा गाडीत आणि हॉटेलात. जेवायला साडेअकराला बसा, एकला बसलात तर तिथेही रांग. जेवल्यावर तासभर मिस्टर इंडियासारख्या हलणाऱ्या राईडमध्ये नको, पडद्यावरचं चित्र एकीकडे आणि खुर्ची दुसरीकडे, पोट तिसरीकडे. आणि पाण्याच्या राईडसाठी मोठे जाड सोलापुरी टॉवेल घरून न्या. बाहेरगावी पातळसर टॉवेल विकत घेणाऱ्या सोलापूरकराला काय म्हणावं?

खर्चाच्या पैशांबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण इथे सगळ्यांची भांडणं होतात. दोघांना आपापली पिशवी आणि तीत सुट्ट्या नोटा द्या, मोठ्याला तीनशे, धाकटीला शंभर, जे तुम्हाला परवडेल ते. या पैशांतून काय घ्यायचं ते त्यांचं, उरले तर त्यांचेच, आणि संपले तर आपण एक रुपया टाकायचा नाही. पूर्वी मी सगळे पैसे सकाळीच द्यायला सांगायची. मग एका मुलाने गेटजवळच्या पहिल्याच दुकानात फुगे सोडणारी बंदूक घेतली, अकरा वाजेपर्यंत ती बिघडली, आणि पुढचा दिवसभर तो प्रत्येक दुकानाच्या काचेला नाक लावून उभा. आता अर्धे सकाळी, अर्धे संध्याकाळी पाच वाजता. त्या मधल्या वेळात पोरं दुकानं बघतात, भाव विचारतात, आपसांत खल करतात. नऊ वर्षांच्या पोराने दोनशे चाळीसच्या किल्लीच्या साखळीपुढे दहा मिनिटं विचार करणं, हे बघण्यासारखं असतं. मध्ये बोलू नका.

आता वाटेचं. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर, पुढे घाट उतरून खोपोली. पहिल्या दिवशी पार्क नको, हे मी निक्षून सांगते. पहाटे चारला निघा, सूर्य उगवताना भिगवणच्या अलीकडे-पलीकडे असाल. उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी येतात, फेब्रुवारीत असतात, आणि कुंभारगावचे मच्छीमार होडीतून जवळ नेतात. मुलांना दोन गोष्टी बघायला सांगा: पक्षी चोच उलटी करून पाणी गाळतो, आणि करड्या रंगाचे दिसले तर ती त्यांची पोरं. गुलाबी रंग नंतर खाण्यातून येतो. मग हळूच सांगा, आपल्या नळाला ज्या दिवशी पाणी येतं ते इथलंच. माझ्या एका ग्रुपमधली मुलगी यावर गप्प झाली आणि मग म्हणाली, "म्हणजे यांनी गाळलेलं?" दुपारी हॉटेलात पोचून झोपा. ताजी पोरं आणि शिळी पोरं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि पार्कचं तिकीट दोघांना सारखंच.

कुणी रेल्वेने जाणार असेल तर पुण्यापर्यंत हुतात्मा एक्सप्रेस आहे. गाडीचं नाव कशावरून, हे विचारा पोरांना. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, सोलापूरच्या या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. आपल्या पोरांना चार पुतळे माहीत असतात, गाडी माहीत असते, दोन्ही जोडलेले नसतात. आणि निम्मं सोलापूर खोपोलीला न जाता हैदराबादला जातं, अंतर जवळपास तेवढंच, तीनशेच्या आत-बाहेर. रामोजी फिल्म सिटी 1996 पासूनची आहे, तिथलं वंडरला पार्क 2016 चं. त्या वाटेवर नळदुर्गचा किल्ला लागतो, पाणीमहाल दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. वर सांगितलेलं बाकी सगळं तिकडेही चालतं, शेंगा धरून.

दुसरा दिवस पार्कचा, शक्यतो मंगळवार-बुधवार-गुरुवार. शाळेला दोन दिवस दांडी मारायची मी उघड शिफारस करते. शनिवार-रविवारी गेलात तर रांग टाळायचं जादा तिकीट घ्यावंसं वाटेल, आणि चार-पाच जणांचं मिळून ते अंगावर येतं. गेट उघडताना आत, आणि लगेच सगळ्यात लांबच्या टोकाला. गर्दी दारातल्या पहिल्या राईडला अडकते. आईबाप दोघांना मोठ्या राईडला बसायचं असेल तर एकाने मुलांपाशी थांबून मग अदलाबदल करता येईल का, हे गेटवर विचारा.

दिवसाचा शेवट मात्र नशिबावर सोडू नका. डॅनियल काह्नमन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1993 साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना 14 अंशाच्या गार पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट, पण तेवढ्यात पाणी अंशभर कोमट केलं. पुन्हा करायचं तर कुठलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचंच निवडलं. त्रास जास्त वेळ झाला, पण शेवट बरा झाला ना. मी हे वाचलं त्याच्या कितीतरी आधी आमच्या बसमध्ये बघितलं होतं. पार्क बंद होईपर्यंत "अजून एक, अजून एक" करत शेवटी रांगेत पेंगणारी, रडणारी, पार्किंगपर्यंत फरफटत येणारी पोरं दुसऱ्या दिवशी सांगतात, "बोअर झालं." तास भर आधी निघालेली सांगतात, "भारी होतं, परत जाऊ."

त्यामुळे परेड संपली की एक राईड, शेवटची. नवी नाही. दिवसभरात आजींच्या वहीत ज्या राईडला सगळ्यात जास्त गुण, तीच परत. मुलगा एक निवडेल, मुलगी टबी. दोन्ही करा, आईबाप वाटून घ्या. मग सरळ गाडी. सुके कपडे, पायमोजे काढून पाय पुसायचे, चादर, आणि आजींनी वही वाचायची. वाचता वाचता झोपतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरी पळू नका. खोपोली-पाली रस्त्यानेच पुढे पाली आहे, बल्लाळेश्वर. अष्टविनायकातला हा गणपती एका भक्त मुलाच्या नावाने ओळखला जातो, हे मुलांना गाडीत सांगा. बल्लाळ नावाचा वाण्याचा पोरगा, गावच्या पोरांना घेऊन रानात एका मोठ्या दगडाला गणपती समजून पूजा करत बसायचा, जेवायला घरी यायचं भान नाही. आईबापांनी तक्रार केली, बापाने येऊन पूजा मोडली आणि पोराला झाडाला बांधून ठेवलं, तेव्हा गणपती धावून आला. घरी वेळेवर न येणाऱ्या पोरांच्या बाजूने उभा राहिलेला देव, पोरं त्याला लगेच आपलासा करतात. तिथली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी 1739 च्या वसईच्या विजयानंतर आणलेली. आजींचं दर्शन होतं, "मी येऊन काय करू" हा प्रश्न इथे परस्पर मिटतो.

पालीत आणखी एक काम आहे, आणि मला एकच जादा गोष्ट निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. सोलापूरहून निघताना पोस्टातून पाच पोस्टकार्डं घ्या. पार्कातल्या दुपारी, जेवणानंतर पाय दुखतात तेव्हा, आजींच्या बाकावर बसून प्रत्येकाने स्वतःलाच पत्र लिहायचं. धाकटीने चित्र काढायचं, खाली तिने सांगितलेलं एक वाक्य दादाने लिहायचं. पालीत पोस्टाच्या पेटीत टाकायची, तिला उचलून घेऊन तिच्या हाताने. तुम्ही घरी पोचाल, शाळा सुरू होईल, गणिताचा पेपर येईल, आणि मग एका दुपारी पत्र येईल. दोन व्यवहाराच्या गोष्टी: पत्ता आणि पिनकोड घरूनच पेनाने लिहून ठेवा, बाकावर लिहिलेला पत्ता पोस्टालाच काय आपल्यालाही वाचता येत नाही. आणि बिल्डिंगच्या वॉचमनला सांगून ठेवा, कार्डं वीजबिलांच्या गठ्ठ्यात टाकू नका म्हणून, मुलं शाळेतून आली की त्यांच्याच हातात द्या.